‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं काय कमी आहे?

‘अंगात रक्तच नाही हो तुमच्या!’ हे वाक्य कधी ऐकलं नाही अशा बायका आपल्याकडे थोड्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याच्या वरच आहे. म्हणजे हळदीकुंकवाला दहाजणी जमल्या, तर त्यांतल्या पाच-सहाजणींना हे दुखणं असायचं! इतकं घरोघरचं हे दुखणं. पण कमी झालं म्हणजे काय कमी झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मोठ्या बाईच्या अंगात साधारण चार ते साडेचार लिटर रक्त असतं. रक्तक्षयात हे माप सहसा घटत नाही, घटतो तो त्यातला कस. पातेल्यात आमटी तेवढीच, पण डाळ कमी आणि पाणी जास्त, असा हा प्रकार.

तांदळाचं धुवण थोडा वेळ ठेवलं की पीठ तळाशी बसतं आणि वर निवळ राहते. रक्तही गोठू न देता नळीत ठेवलं की त्याचे असेच थर होतात. वरची पिवळसर निवळ म्हणजे रक्तद्रव, ज्याला डॉक्टर प्लाझ्मा म्हणतात. रक्तातला निम्म्याहून जास्त भाग याचाच. त्यात शेकडा नव्वद भाग पाणी, बाकी प्रथिनं, क्षार, साखर. खाल्लेल्या अन्नाचं सत्त्व अंगभर पोचवायचं, टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडांकडे न्यायचे आणि अंगाची ऊब सगळीकडे सारखी वाटायची, ही त्याची कामं.

मधे एक पातळसा पांढुरका थर दिसतो. त्यात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स असतात. विळीवर बोट कापलं की प्लेटलेट्स तिथे गोळा होतात, रक्तद्रवातल्या एका प्रथिनाचे धागे त्यांच्यावर जाळं विणतात आणि रक्त थांबतं.

तळाशी असतात तांबड्या पेशी. एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे जेमतेम मोहरीएवढ्या थेंबात, त्या ४० ते ५० लाख असतात! त्यांच्यात हिमोग्लोबिन भरलेलं असतं. ते फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीराच्या कानाकोपऱ्यात नेतं. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. ‘रक्त कमी’ म्हणजे हे हिमोग्लोबिन कमी. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम तरी हवं. ते घटलं की सगळ्या अवयवांना प्राणवायू अपुरा पडतो. मग जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, चक्कर येते. काहीजणींना कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटते. आपण मात्र ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतो.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातलं लोह शरीर टाकत नाही, नव्या पेशीसाठी पुन्हा वापरतं. शरीराइतकी काटकसरी गृहिणी शोधून सापडायची नाही! पण जे रक्त बाहेर जातं, त्याबरोबरचं लोह गेलंच. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं, तर सुमारे २० मिलिग्रॅम लोह जातं. गरोदरपणी बाळाचाही वाटा द्यावा लागतो. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आहारातलं लोह रोज पुरुषाला १९, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम हवं असं सांगितलं. आता आपल्याच स्वयंपाकघरात बघा. सगळ्यांची पानं वाढून झाली की उसळीचा तळ आणि आमटीचं पाणी कुणाच्या वाट्याला येतं? जिला लोह जास्त हवं, तिलाच!

प्रत्येकीचा रक्तक्षय मात्र लोहापायीच असतो असं नाही. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या बायकांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या दिसत. यीस्टपासून केलेल्या ‘मार्माइट’ने त्या सुधारतात, असं विल्सबाईंनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड. गरोदरपणी मिळणारी ती छोटीशी गोळी मुंबईच्या गिरणीकामगार बायकांच्या दुखण्यातून आली आहे, मैत्रिणींनो!

म्हणून सी.बी.सी. तपासणी केली की नुसता हिमोग्लोबिनचा आकडा पाहून कागद कपाटात ठेवू नका. पेशी लहान आहेत की मोठ्या, हे डॉक्टरांना विचारा. लहान असतील तर बहुधा लोह कमी. पण थॅलेसेमियाच्या वाहक स्त्रीतही त्या लहानच असतात, आणि तिला लोह कमी नसेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. मोठ्या असतील तर फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असू शकतं. शाकाहारी बायकांनी बी-१२ कडे खास लक्ष द्यावं. पाळीत फार रक्त जात असेल किंवा पोटात जंत असतील, तर आधी तो उपाय हवा. गळक्या माठात किती पाणी भरणार?

आता स्वयंपाकघराकडे वळू. नुसत्या बिटावर भिस्त ठेवू नका. लाल रंग म्हणजे लोह नव्हे. मटकी, चवळी, कुळीथ, बाजरी, पालेभाज्या रोजच्या जेवणात आलटूनपालटून असू द्या. वर लिंबू पिळा किंवा आवळा खा, म्हणजे लोह अंगी लागतं. भाजीला लोखंडी कढई वापरा. मांसाहार चालत असेल तर मटण-मासे चांगलेच. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत उत्तम. जेवणाला लागून चहा मात्र नको. मधे तासाभराचं तरी अंतर ठेवा.

हिमोग्लोबिन बरंच उतरलं असेल तर आहार पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या चहा-दुधाबरोबर घेऊ नका. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. पोट फारच बिघडलं तर डॉक्टर गोळी बदलून देतील. आणि बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका. शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

आणि उद्यापासून एवढं कराच : उसळ वाढताना आपली वाटी आधी भरून बाजूला ठेवा. त्यात स्वार्थ काही नाही. घर ज्या रक्तावर चालतं, त्याचीच ती तरतूद आहे.