इंग्रजी साहित्यात एम.ए. : आपल्या पोरांनी का करायचं?

बी.ए.चा निकाल लागला की मालवण, कुडाळ, सावंतवाडी पट्ट्यातल्या आपल्या वाड्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. पोरगा असेल तर आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंट किंवा गोव्यातली कंपनी. पोरगी असेल तर नर्सिंग, बी.एड., नाहीतर लग्न. त्यातून एखादीने इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचं म्हटलं, तर घरचेच काय, चळवळीतले जुने कार्यकर्तेही विचारतात, "तां करून काय करतलंस?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात आई काजूच्या कारखान्यात जाते आणि बाप दुसऱ्याच्या बागेत राबतो, त्या घराला दोन वर्षांचा हिशेब विचारावाच लागतो. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलं, तेव्हा हाच प्रश्न ऐकला होता. तरीही आमचं स्पष्ट मत आहे की इंग्रजी साहित्य आणि संस्कृती-अभ्यास, ज्याला कल्चरल स्टडीज म्हणतात, हे विषय आंबेडकरी तरुणांनी ठरवून हातात घेतले पाहिजेत. ते दुसऱ्यांच्या हवाली करून आपण मोठी किंमत मोजली आहे आणि आजही मोजतो आहोत.

आधी घरातलंच उदाहरण घेऊ. प्रत्येक जयंतीला, प्रत्येक बॅनरवर आपण लिहितो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. बाबासाहेबांच्या मूळ इंग्रजीतला क्रम वेगळा आहे. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत त्यांनी एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाइज या क्रमाने सांगितलं. म्हणजे अॅजिटेट आधी आणि संघटना नंतर. शिवाय अॅजिटेट म्हणजे फक्त रस्त्यावरचा संघर्ष नव्हे. ढवळून काढणं, अस्वस्थ करणं, प्रश्न पेटवणं हा अर्थही त्या शब्दात आहे. शिकलेल्या माणसाचं डोकं आधी ढवळलं पाहिजे, मग त्यातून संघटना उभी राहील, असं वाचलं तर चळवळीचा आराखडाच बदलतो. एका शब्दाच्या भाषांतरावर एवढं अवलंबून असतं. शब्द कसा वाचायचा, त्याचा इतिहास कसा शोधायचा, भाषांतरात काय गळालं हे कसं ओळखायचं, हे शिकवणारा विषय म्हणजे साहित्य. बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. त्यांचा वारसा सांगणाऱ्या समाजात ते मूळातून बारकाईने वाचणारे किती, हे प्रत्येक विहाराने स्वतःला विचारून पाहावं.

इंग्रजी ही आपल्याकडे हौसेने आलेली भाषा नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' मराठीत लिहिलं, पण त्याला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि ग्रंथ अर्पण केला तो गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून ते जगाशी बोलत होते. सावित्रीबाईंनी इंग्रजीला माऊली म्हटलं. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला तो इंग्रजीत, आणि १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. आपल्या लोकांशी आपल्या भाषेत आणि जगाशी जगाच्या भाषेत, अशी ही दुहेरी परंपरा आहे. यातली एक बाजू सोडली की दुसरी लंगडी होते.

दलित साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हाही हेच घडलं. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते. ते अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांचा संदर्भ त्यांनी मराठवाड्यातल्या आपल्या विद्यार्थ्यांसमोर ठेवला. इंग्रजीचे प्राध्यापक जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत आणलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. इंग्रजी वाचणाऱ्यांनी आणलेली ठिणगी आणि झोपडपट्टीतल्या पोरांचा संताप एकत्र आला, तेव्हा पँथरची डरकाळी घुमली.

आता उलट बाजू पाहा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्याचा इंग्रजी अनुवाद यायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे ३७ वर्षं! आपल्या कोकणातल्या उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं, ते २००८ साली इंग्रजीत गेलं, कारण माया पंडित यांच्यासारख्या अनुवादक मिळाल्या. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' त्यांनीच इंग्रजीत नेलं. ज्यांनी हे काम केलं त्यांचे उपकारच आहेत. पण आपल्या पुस्तकांनी जगात जायला कोणाला वेळ मिळतो याची वाट किती दिवस पाहायची? 'आयदान' या एका शब्दात सूप, रोवळी, टोपली, बांबू सोलताना कापलेली बोटं आणि ते विकायला चाललेली बाई एवढं सगळं आहे. ते ज्या पोरीने आजीच्या हातात पाहिलंय, तिने तो शब्द इंग्रजीत न्यावा, असं आम्हाला वाटतं.

संस्कृती-अभ्यासाबद्दल एक गैरसमज आहे की हा मोठ्या शहरातल्या विद्यापीठांचा शौक आहे. त्याचा जन्म पाहा. इंग्लंडमध्ये रेमंड विल्यम्स हा रेल्वेतल्या सिग्नलमनचा मुलगा, रिचर्ड हॉगर्ट लीड्सच्या कामगार वस्तीतला. दोघांनीही कामगारांसाठी चालणाऱ्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकवलं. १९६४ साली हॉगर्टने बर्मिंगहॅमला या विषयाचं केंद्र सुरू केलं आणि पुढे ते जमैकात जन्मलेल्या स्टुअर्ट हॉलने चालवलं. वर्तमानपत्रं काळ्या तरुणांना गुन्हेगार कसं ठरवतात, याचा अभ्यास त्याने केला. संस्कृती म्हणजे फक्त नाटक, संगीत, काव्य नव्हे. कोण कोणाला काय म्हणतं आणि त्यातून सत्ता कोणाची टिकते, हा तिचा प्रश्न. हा प्रश्न आपल्याला नवा कुठे आहे?

हीच नजर आपल्या किनाऱ्यावर फिरवा. पर्यटनाच्या जाहिराती सांगतात, "येवा, कोकण आपलाच असा." आपलाच म्हणजे नेमका कोणाचा? सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचं स्कुबा, मालवणी थाळी, दशावतार हे सगळं 'मालवणी संस्कृती' म्हणून विकलं जातं. त्या चित्रात गावाच्या टोकाला असलेली आपली वाडी कुठे दिसते? गावऱ्हाटीचं कौतुक करणारे लेख दरवर्षी छापून येतात. बारा-पाचाचा मान, देवाची तरंगं, सगळं रंगवून सांगतात. त्याच गावऱ्हाटीने आपल्या पूर्वजांना कोणती कामं नेमून दिली होती आणि धम्मदीक्षेनंतर ती कामं नाकारल्यावर काय सोसावं लागलं, हे त्या लेखांत नसतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलल्यावर माणसांच्या तोंडातलं नाव बदललं का? आणि 'बौद्धवाडी' हे नाव आपल्यासाठी कलंक होतं की धर्मांतराची खूण? असे प्रबंधाचे विषय आपल्या अंगणात पडलेत आणि ते लिहिणारं कोणी नाही.

"इंग्रजी साहित्य हा साहेबाचा आणि ब्राह्मणांचा विषय," असंही काही मित्र म्हणतात. यात तथ्य आहे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या पुस्तकात दाखवून दिलंय की इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून इंग्लंडच्या आधी भारतात रुजला, आणि तो राज्य टिकवण्याचं साधन म्हणून. नंतर त्या वर्गांवर कोणाचा कब्जा राहिला तेही आपण जाणतो. पण विहिरीवर दुसऱ्यांचा ताबा होता म्हणून आपण पाणी सोडलं का? आपण महाडला गेलो. अभ्यासक्रमात आज दलित आत्मकथनं आहेत, पण ती बरेचदा 'वेदना' या एकाच शब्दात गुंडाळून शिकवली जातात. त्यातली बंडखोरी, विनोद, धम्म, राजकारण वाचून दाखवणारा माणूस वर्गात हवा. हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठातले प्रा. के. सत्यनारायण यांनी सुझी थारू यांच्यासोबत दक्षिणेतल्या दलित लेखनाचे दोन मोठे इंग्रजी खंड संपादित केले, २०११ आणि २०१३ साली. आपल्याकडेही हे होऊ शकतं.

हे विषय दुय्यम आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरकारचं वागणं पाहावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले. या नियमाखाली १९१६ चा तो जातींवरचा निबंध लिहायला बाबासाहेबांना शिष्यवृत्ती मिळाली नसती! आपली पोरं इंजिनियर झाली तर व्यवस्थेला अडचण नाही. ती परदेशात बसून जातीवर लिहू लागली की अडचण होते. कुंपण नेमकं कुठे घातलंय यावरूनच शेताची किंमत कळते.

आता पोटाचा प्रश्न. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. एम.ए. झालं की प्राध्यापकी मिळते असं नाही. त्यासाठी नेट किंवा सेट लागते, आणि ती झाल्यावरही अनेकजण तासिका तत्त्वावर तुटपुंज्या पैशात वर्षं काढतात. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन पायांवर उभं राहा. नेट-सेटची तयारी एम.ए.सोबतच सुरू करा. शाळेचा मार्ग ठेवायचा तर बी.एड.चं नियोजन करा. अनुवाद, संपादन, पत्रकारिता आणि स्पर्धा परीक्षा यांत इंग्रजीचा हात असलेला माणूस उपाशी राहण्याची शक्यता कमी असते. घर सोडता येत नसेल तर मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण आणि इग्नू हे पर्याय आहेत. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांना गोवा विद्यापीठ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. केंद्रीय विद्यापीठात अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत, आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही तो हक्क मिळाला आहे. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात मिळत नाही, बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाच काढून ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेच्या तारखा डोळ्यात तेल घालून पाहा.

बाकीची जबाबदारी आपली, म्हणजे चळवळीची. जयंतीला डीजेवर जाणाऱ्या पैशातून एका मुलीची दोन वर्षांची पुस्तकं येतात, हा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर मांडावा. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ बाबासाहेबांचं एक पान मूळ इंग्रजीत आणि मग मराठीत, शक्य तर मालवणीत समजावून वाचावं. कामगारांच्या रात्रीच्या वर्गांतून तिकडे एक नवं ज्ञानशास्त्र उभं राहिलं, तर आपल्या विहारांतून का राहू नये? जे शिकले त्यांनी वर्षातून आठ दिवस वाडीवर येऊन शिकवावं, ही अट आपण प्रेमाने घालू.

तेव्हा पुढच्या जून महिन्यात एखादी पोरगी म्हणाली की मला इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचंय, तर "काय करतलंस" असं विचारणाऱ्यांना आपण उत्तर देऊ : ती आपलं लिहील, आपलं वाचून दाखवील आणि आपल्याबद्दल खोटं लिहिलेलं खोडून काढील. मग तिच्यासोबत बसून अर्ज भरू.

जय भीम!