वाद्याला खुंटी, पावलांना वाट



श्रावण निम्मा सरला की सिंधुदुर्गातील घराघरांत चतुर्थीची आवराआवर सुरू होते. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची पेटी खाली उतरते, पखवाज कसून घेतला जातो. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात अलीकडे एखाद्या नातवाची गिटारही असते. पुढचे पाच, सात किंवा अकरा दिवस माणसे आणि वाद्ये एकाच छपराखाली दाटीवाटीने राहतात. याच दिवसांत घरातल्या घरात अडखळून पडलेले ज्येष्ठ दवाखान्यात येतात, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे. वाद्य कोठे ठेवावे हा प्रश्न वरवर संगीताचा वाटतो. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले माणूस आहे, तेथे तो आरोग्याचाही आहे.

गिटारचेच उदाहरण घेऊ. वाजवून झाले की ती बहुधा भिंतीला टेकवून ठेवली जाते. गुळगुळीत फरशीवर तिचा तळ हळूहळू सरकतो आणि ती वाटेत आडवी होते. काही घरांत तिच्यासाठी स्टँड असतो. वाद्यासाठी तो उत्तम. परंतु त्याचे पाय बाहेर पसरलेले, बारीक आणि बहुधा काळे असतात. मोतीबिंदू असलेल्याला ते अंधूक उजेडात दिसत नाहीत. काचबिंदूने बाजूची नजर कमी झालेल्याला ते दिवसाही दिसणार नाहीत. मधुमेहाने तळपायांची संवेदना गेलेल्याला पाय कशाला लागला हे तोल जाईपर्यंत कळत नाही. कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल जमिनीपासून पुरेसे उचललेच जात नाही. त्यातच रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर रात्री लघवीसाठी एकदम उठताना भोवळ येऊ शकते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तोल जाणारे माणूस हाताला येईल ते धरते. ती क्रिया विचारपूर्वक होत नाही, आपोआप होते. त्या क्षणी हाताशी स्टँड असला, तर तो आधार देत नाही, माणसाबरोबरच कोसळतो. म्हणून बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर, तिच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचेल एवढ्या अंतरात कोणतेही वाद्य असू नये. त्या भिंतीवर काही लावायचेच असेल, तर पक्का दांडा लावावा.

पडण्याची ही भीती मनात बसली की पुष्कळ कुटुंबे दुसरे टोक गाठतात आणि वाद्य माळ्यावर टाकतात. हा उपायही निर्धोक नाही. ज्याला वाजवायचे आहे, तो कधीतरी स्टुलावर चढतोच. आणि स्टुलावरून पडणे हे चालताना अडखळण्याहून अधिक घातक ठरू शकते. शिवाय दृष्टीआड गेलेले वाद्य हळूहळू विसरले जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक व्यक्तींना नातवंडांची नावे आठवत नाहीत, पण तरुणपणी पाठ केलेला अभंग सूर कानी पडताच ओठांवर येतो. तारांवर, पट्ट्यांवर फिरणारी बोटे, श्वास लावून म्हटलेले भजन, शेजारी येऊन बसलेले चार जण, हे सारे म्हातारपणी गोळ्यांच्या जोडीला हवेच असते. माळ्यावरच्या वाद्याने पाय वाचतील. पण त्या माणसाची संध्याकाळ रिकामी होईल.

मग वाद्य ठेवावे कोठे? उत्तर आपल्या जुन्या घरांनी दिलेले आहे. माजघराच्या भिंतीत लाकडी खुंट्या असत आणि त्यांना पागोट्यापासून मृदंगापर्यंत सारे टांगलेले असे. गिटारसाठी बाजारात मिळणारा भिंतीवरचा हँगर म्हणजे तीच खुंटी. फक्त तिला दोन बोटे आहेत आणि त्यांवर मऊ वेष्टन आहे. टांगून ठेवल्याने गिटारची मान वाकेल, ही शंका मनातून काढून टाकावी. पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो आणि साध्या गिटारचे वजन दोन किलोंच्या आसपास. एवढा ताण अहोरात्र सोसणाऱ्या मानेला स्वतःच्या वजनाचे ओझे होत नाही.

खुंटीची उंची वाजवणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत असावी. साधारण १४५ सेंटिमीटरवर हँगर बसवला, तर गिटारचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर राहतो. केर काढताना, पुसताना ती हलवावी लागत नाही आणि काढून घेताना खांद्याच्या फार वर हात न्यावा लागत नाही. मधुमेही व्यक्तींचे खांदे आखडण्याचे प्रमाण अधिक असते. त्यांच्यासाठी खुंटी आणखी थोडी खाली घ्यावी. बिछाना, पाळणा किंवा नेहमीची बसण्याची खुर्ची यांच्या वर मात्र वाद्य कधीही टांगू नये. दाराच्या मागे आणि अरुंद बोळातही नको.

आपल्याकडे एक अडचण खास आहे. आपली घरे जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो, त्यात मध्येच मातीचे मऊ भाग लागतात. तेथे प्लॅस्टिकचा प्लग ठोकून घेतलेला एकटा स्क्रू काही महिन्यांत सैल होऊ शकतो. नुसत्या गिलाव्यात बसवलेला तर गिलाव्यासकट बाहेर येईल. त्यासाठी सुताराकडून सुमारे दीड फुटाची सागवानी किंवा फणसाची फळी लांब स्क्रूंनी चार ठिकाणी भिंतीला पक्की करून घ्यावी आणि हँगर त्या फळीवर बसवावा. वाद्य टांगण्यापूर्वी पाच लिटर पाण्याने भरलेला कॅन एक दिवस आणि एक रात्र तेथे लोंबकळत ठेवावा. फळी तसूभरही हलली नाही, तरच गिटार लावावी.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडता येत नसतील, तर स्टँड वापरावा. पण तो खोलीच्या कोपऱ्यात, जड टेबलाच्या किंवा कपाटाच्या आडोशाला ठेवावा. त्याच्या पायांना पांढरी पट्टी चिकटवावी आणि रात्री मंद दिवा चालू ठेवावा. अँप्लिफायरची वायर जमिनीवरून आडवी नेऊ नये.

पेटीचा प्रश्न वजनाचा आहे. आठ ते पंधरा किलोंची पेटी जमिनीवरून कमरेत वाकून उचलणे हे हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्याला महागात पडू शकते; एका हिसक्यात मणका दबतो. पेटी कमरेच्या उंचीच्या भक्कम मेजावर कायमची ठेवावी आणि वाजवणाऱ्याने समोर खुर्ची घ्यावी. गुडघे दुखत असताना मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. खुर्चीवर बसून पेटी वाजवण्यात कमीपणाही मानू नये. हार्मोनियम १९व्या शतकात युरोपातून आपल्याकडे आली, तेव्हा ती बैठकीवरून पायांनी भाता चालवूनच वाजवली जात असे. तानपुरा असल्यास तो कोपऱ्यात तसाच उभा करू नये. त्याचा भोपळा अतिशय नाजूक असतो. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तानपुराही घसरून पडला, तर फुटतोच.

आता दमटपणा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. पश्चिमेकडून पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत आतूनही ओलावते. म्हणून खुंटी आतल्या भिंतीवर हवी, आणि वाद्य व भिंत यांत बोटभर तरी अंतर हवे, म्हणजे वारा खेळता राहतो.

बुरशी धरलेले वाद्य हा दम्याच्या रुग्णाचा शत्रू आहे. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात राहून फुप्फुसे अधू झालेल्या आजींनाही ती बाधते. पेटीच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे, कारण भाता म्हणजे धूळ आणि बुरशी थेट तोंडासमोर उडवणारा पंखाच. महिनोन्‌महिने बंद असलेली पेटी प्रथम घरातल्या धडधाकट माणसाने, नाकातोंडाला मास्क लावून, पडवीत उघडावी, मऊ ब्रशने साफ करावी आणि तेथेच चार वेळा भाता मारून मग आत आणावी. आत उंदराच्या लेंड्या दिसल्या तर झाडू फिरवू नये. हातमोजे घालून, ओलसर कापडाने त्या उचलाव्यात आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लेप्टोचा जिल्हा म्हणून आपण ही काळजी घ्यायलाच हवी. वाद्याच्या पेटाऱ्यात डांबरगोळ्या ठेवू नयेत. मुले त्या खाऊ समजून तोंडात घालतात. आणि काहींच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या चालतील. त्याही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर त्यांना घाईने ओढून उभे करू नये. पाय टेकवता येत नसेल, तो आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, तर खुब्याचे हाड मोडले असावे असे समजून आहे तेथेच निजवून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरकरणी काही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

चाकरमानी येण्यापूर्वी एक काम करावे. घरात सर्वांत अडखळत कोण चालते, ते ठरवा. रात्री दिवे मालवून त्यांच्या बिछान्यावर बसा, त्यांचा चष्मा नसताना त्यांना जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते असे समजा आणि न्हाणीघरापर्यंत सावकाश चालत जा. जे जे पायाला किंवा हाताला लागेल, ते दुसऱ्या दिवशी तेथून हलवा. वाद्य लागले, तर त्याला खुंटी द्या. आणि ती कोठे असावी हे त्यांनाच विचारा, कारण उद्या ते वाजवणारे कदाचित तेच असतील.