कोरड्या मुलखाची पेठ

वाळवंटातल्या व्यापारी राज्यांच्या गोष्टी मुलांना फार आवडतात. उंटांचे तांडे, रेशमाचे तागे आणि विहिरीवर पहारा देणारे भालदार. विहीर ज्याच्या ताब्यात, त्याचे राज्य! अशी गोष्ट सांगताना इतरांना अरबस्तान आठवत असेल. मला लातूर आठवते. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत भरून पाच लाख लिटर पाणी रेल्वेने आले होते.

आपला मुलूख वाळूचा नाही, काळ्या मातीचा आहे. पण पाऊस लहरी, नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या. तरीही इथे लक्ष्मी नांदली, ती व्यापाराच्या पावलांनी. लातूरपासून फार दूर नसलेले, गोरोबाकाकांचे तेर पाहा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात ते ‘तगर’ या नावाने येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. तिथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत लादून, रस्ताही धड नसलेल्या रानातून थेट भडोचच्या बंदरात जाई. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली निघाली आहे.

पुढे राष्ट्रकूट आले. ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे त्यांचे बिरुद, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकातल्या अरबी वृत्तांतात या ‘बल्हरा’ राजाची गणना जगातल्या चार थोर राजांत, बगदादच्या खलिफासोबत केली आहे. परदेशी व्यापाऱ्यांना त्याच्या राज्यात मान होता. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला त्या काळचा तलाव आहे. त्याचे नाव जगत्तुंग समुद्र. तलावाला समुद्र म्हणणाऱ्यांना पाण्याची किंमत कळत होती, एवढे नक्की!

व्यापाराची ती खोड मोडलेली नाही. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. मध्ये देवीचे मंदिर, भोवती गोल बाजार आणि सोळा रस्ते. सराफा, कापड, मिरची, गूळ, ज्याची त्याची वाट वेगळी. आडत, डाळमिल, हमालांची पाठ यांवर हे शहर वाढले. तूर काय, कापूस काय, पावसावर येणारा माल. तेच या मुलखाचे खरे धन.

मग ऊस कशाला, असे शहरातली शहाणी माणसे विचारतात. पाण्याचा हिशेब मांडला तर त्यांचे बरोबरच आहे. मांजरा धरण कोरडे पडते तेव्हा त्यात उसाचाही वाटा असतो. पण शेतकऱ्याचा हिशेब निराळा. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. तुरीचे काय झाले? २०१६-१७ च्या हंगामात पीक भरघोस आले, हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता, आणि बाजारात भाव त्याच्या खाली घसरला. खरेदी केंद्रांपुढे पोती घेऊन माणसे रात्र-रात्र ताटकळली, बारदान संपले म्हणून काटे थांबले. कमी पाण्याचे पीक घेऊन ज्याने सरकारचा सल्ला मानला, त्याच्याच वाट्याला ही रांग आली. तुरीचा काटा उसाच्या काट्याइतका बिनघोर चालेपर्यंत उसवाल्या शेतकऱ्याला बोल लावायला मी तरी तयार नाही.