कचेरीचा उंबरा आणि अपंग कर्मचारी

मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या १९९४ च्या नियमांत दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाची दारे बंद करणारी एक तरतूद होती. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही या सेवेतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. एका उमेदवाराच्या मातेने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्यातून हे प्रकरण उभे राहिले. अपंगांना समान संधी देणारा पहिला केंद्रीय कायदा १९९५ चा. त्यानंतर तीन दशकांनीही हा प्रश्न पत्राने विचारावा लागावा, ही वस्तुस्थिती त्या निकालाइतकीच बोलकी आहे.

अडवणूक करणारे हात बहुधा दिसत नाहीत. ती होते नियमांच्या भाषेतून. १९७७ साली केंद्राने तीन टक्के जागा राखून ठेवल्या, पण केवळ 'क' व 'ड' वर्गांत. जणू अपंगाने साहेब होण्याची आकांक्षाच धरू नये! १९९५ च्या कायद्याने ही मर्यादा काढली, तेव्हा 'पदनिश्चिती' नावाची नवी चाळणी पुढे आली. अमुक पद अपंगाला झेपेल की नाही, हे आधी समितीने ठरवावयाचे आणि तीन टक्क्यांचा हिशेब झेपणाऱ्या म्हणून ठरलेल्या पदांपुरताच करावयाचा, असा शासकीय खाक्या होता. संवर्गातील एकूण रिक्त पदांवर हिशेब करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सांगावे लागले. मधल्या काळात ज्यांची वयोमर्यादा उलटली, त्यांना त्या निकालाचा काय उपयोग?

सेवेत असताना अपंगत्व आलेल्यांची कथा निराळी. केंद्रीय दलातील एका शिपायाचा पाय कर्तव्य बजावताना झालेल्या दुखापतीमुळे कापावा लागला आणि वैद्यकीय मंडळाने त्याला अपात्र ठरवून घरी पाठविले. निवृत्तिवेतन दिले की कर्तव्य संपले, हा सरकारचा युक्तिवाद २००३ साली टिकला नाही. अशा कर्मचाऱ्यास झेपेल ते दुसरे काम द्यावे, तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, पण कामावरून काढू नये, असे कायदाच सांगतो. दृष्टी गेलेल्या शिक्षकाला वा हात अधू झालेल्या लेखनिकाला हे कलम कचेरीतील कोणी आपणहून दाखवील, अशी आशा मात्र धरू नये.

२०१६ च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले, अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आणि 'वाजवी सोय' नाकारणे हाही भेदभावच होय, असे स्पष्ट केले. (दरम्यान 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, जिन्याचा उतार होण्यापेक्षा ते सोपे होते.) लिहिताना बोटे आखडणाऱ्या उमेदवारास लेखनिक मिळावा, हा २०२१ चा निकाल याच तत्त्वावर उभा आहे. सोय म्हणजे उपकार नव्हेत. टेबल तळमजल्यावर आणणे किंवा संगणकात वाचून दाखविणारी प्रणाली बसविणे, यास तिजोरी लागत नाही.

परंतु याच कायद्यात एक मोठे भगदाड आहे. नोकरीत भेदभाव करू नये आणि सेवेत अपंगत्व आलेल्यास काढू नये, हे सांगणारे विसावे कलम केवळ सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. खाजगी मालकाला भेदभावाची सर्वसाधारण मनाई लागू होते, पण तिच्यातही 'रास्त उद्दिष्टा'ची पळवाट ठेवली आहे. वीस वा अधिक नोकर असतील तर त्याने समान संधीचे तपशीलवार धोरण जाहीर करावे, अशी अपेक्षा आहे; आरक्षणाचे बंधन नाही, आहे ते प्रोत्साहनाचे आश्वासन. शासकीय भरती आक्रसत असताना आणि तरुणांच्या नोकऱ्या खाजगी क्षेत्राकडे वळत असताना चार टक्के नेमके कशाचे, हा प्रश्न उरतोच. आणि कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दंड किती? दहा हजार रुपये. तीही कमाल मर्यादा.