कॅराव्हॅनमध्ये किती वजन चालेल? पर्यटन संचालनालयास खुले पत्र

प्रति,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : छोट्या कॅराव्हॅनमध्ये किती किलो सामान भरता येते, तो आकडा नोंदणीच्या वेळी तपासून गाडीवर लिहिण्याबाबत.

कॅराव्हॅनची भारक्षमता एका वजाबाकीने निघते. वाहनाला परवानगी असलेल्या एकूण वजनातून त्याचे रिकामे वजन वजा करायचे. उरेल तेवढेच सामान भरायचे. यातला पहिला आकडा पक्का असतो. चासी, अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर किती पेलतील हे पाहून निर्माता तो ठरवतो आणि नोंदणी अधिकारी तो प्रमाणित करतो. दुसरा आकडा तितका पक्का नसतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोटर कॅराव्हॅनबरोबरच मोटारीमागे ओढून न्यायच्या एका अ‍ॅक्सलच्या कॅराव्हॅन आणि तंबू-ट्रेलरही त्यात धरलेले आहेत. वजनाचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो तो या ओढायच्या छोट्या गाड्यांचा, कारण मुळात शिल्लकच थोडी असते. मोठ्या बसवर बांधलेल्या कॅराव्हॅनमध्ये पन्नास किलो इकडेतिकडे झाले तर खपून जाते. हजार-अकराशे किलोच्या गाडीत तेच पन्नास किलो म्हणजे तिच्या शिलकीचा मोठा हिस्सा.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील व्याख्येनुसार वाहन किंवा ट्रेलर कामात असताना जी साधने सामान्यतः वापरली जातात, त्या सर्वांसह होणारे वजन हे रिकामे वजन; चालक आणि मदतनीस त्यात येत नाहीत. ट्रकसाठी ही व्याख्या पुरेशी आहे. कॅराव्हॅनसाठी ती अपुरी पडते. पलंग, ओटा आणि बेसिन जागीच बसवलेले असतात, त्यांच्याबद्दल शंका नाही. पण इन्व्हर्टरची बॅटरी, गॅसची टाकी, बाहेर उघडायचे कापडी छत, टाकीतले पाणी यांचे काय? एक बांधणारा बॅटरी धरून वजन सांगतो, दुसरा ती वगळून. कागदावर दुसऱ्याची गाडी हलकी दिसते आणि तिची भारक्षमता जास्त वाटते. रस्त्यावर दोन्ही सारख्याच.

युरोपात हा प्रश्न व्याख्या बांधून सोडवला आहे. तिथे गाडी ‘वापरायला तयार’ असतानाचे वजन धरतात आणि त्यात काय मोजले आहे ते माहितीपुस्तिकेत लिहावे लागते. शिवाय ईएन 1645-2 या मानकात प्रवाशांच्या सामानासाठी किमान किती जागा राखली पाहिजे याचे सूत्र आहे : झोपण्याच्या जागांची संख्या गुणिले 10, अधिक मीटरमधली बॉडीची लांबी गुणिले 10, अधिक 30. दोघांच्या, चार मीटर लांबीच्या कॅराव्हॅनला हे सूत्र लावले तर 20 अधिक 40 अधिक 30, म्हणजे 90 किलो येतात. ही किमान मर्यादा झाली. नव्वद किलोत दोघांचा संसार ऐसपैस मावतो असा तिचा अर्थ नाही. पण गाडी घेणाऱ्याला निदान एवढी हमी मिळते. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, मात्र गाडी भाड्याने घेणाऱ्या कुटुंबासमोर शिल्लक किलोंचा आकडा येत नाही.

हिशेब कसा फसतो हे उदाहरणाने कळेल. एकूण अनुज्ञेय वजन 1100 किलो आणि कागदावरचे रिकामे वजन 920 किलो अशी गाडी घेऊ. शिल्लक 180 किलो. आकडा चांगला वाटतो. मग मालक छतावर एसी बसवतो, त्याचे साधारण 30 किलो. एसी चालवायचा तर घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसली 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी येते, तिचे 55. इन्व्हर्टर आणि वायरिंग 15, बाहेरचे कापडी छत 20. आत एक चमचाही ठेवलेला नाही आणि 120 किलो गेले, उरले 60. चाळीस लिटर पाणी भरले की 40 किलो कमी, कारण पाण्याचा लिटर म्हणजे एक किलो. पाच किलो गॅसची छोटी टाकी लोखंडासकट 13 किलोंच्या आसपास भरते. राहिले 7 किलो. अंथरूण-पांघरूण, कुकर, तवा, तांदूळ-पीठ, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या बॅगा हे सगळे त्या सात किलोंत बसवायचे आहे. बसत नाही, म्हणून ते वर चढते आणि गाडी मर्यादेबाहेर जाते. यात कुटुंबाचा काही दोष नाही. त्याला तो आकडा कोणी सांगितलेलाच नव्हता.

याच उदाहरणात ट्यूब्युलर बॅटरीऐवजी 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, तर ती बारा-तेरा किलोंची असते आणि चाळीसेक किलो मोकळे होतात. तिची क्षमता कागदावर कमी असली तरी ती खोलवर वापरता येते, त्यामुळे हातात येणारी वीज फार घटत नाही. साठ-सत्तर लिटरची टाकी भरून घाट चढण्याऐवजी मुक्कामाच्या गावी पाणी भरणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

पाण्याची आणखी एक खोड आहे. वापरले म्हणून ते गाडीतून जात नाही. स्वच्छ पाण्याच्या टाकीतून सांडपाण्याच्या टाकीत जाते. वजन तेवढेच राहते, फक्त जागा बदलते. स्वच्छ टाकी पुढे आणि सांडपाण्याची मागे असेल, तर सकाळी तोल साधलेली गाडी संध्याकाळी मागे जड झालेली असते. मागे जड झालेली ओढगाडी वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि ते झोके आवरणे चालकाच्या हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून बेरीज बरोबर असूनही मांडणी चुकली तर धोका उरतोच. जड वस्तू अ‍ॅक्सलच्या जवळ आणि जमिनीलगत ठेवाव्यात. वरच्या कपाटांत कपडे, चादरी अशा हलक्याच वस्तू.

पुढचे टोक मोटारीच्या हिचवर किती दाब देते, हेही मोजावे लागते. भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के भार तिथे असावा, असा ब्रिटनमधला रूढ सल्ला आहे. 1100 किलोच्या गाडीसाठी तो 55 ते 77 किलो येतो. हा भार मोटारीच्या मागच्या चाकांवर जातो, म्हणून तो मोटारीच्या डिकीतल्या सामानात धरायचा. हिच आणि मोटार यांनी ठरवून दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची. नवख्या चालकाने मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जड कॅराव्हॅन ओढू नये, असाही तिथला सल्ला आहे.

टायरचा हिशेब बहुतेक वेळा राहूनच जातो. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी जो आकडा असतो, तो भारांक. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो. दोन टायरचे 1120 झाले, म्हणजे 1100 किलोच्या गाडीसाठी जेमतेम. नव्वद टक्क्यांपर्यंतच भार टाकायचा हा सुरक्षित नियम लावला तर 1008 किलोंवर थांबावे लागेल. त्याऐवजी 94 भारांकाचा, 670 किलोंचा टायर बसवला तर नव्वद टक्क्यांतही 1206 किलो पेलतात. मात्र भक्कम टायर बसवल्याने गाडीचे अनुज्ञेय वजन वाढत नाही.

खरे वजन शेवटी काट्यावरच कळते. साखर कारखाने, बाजार समित्या आणि महामार्गांलगत वजनकाटे आहेत. वैधमापनशास्त्र विभागाने पडताळून शिक्का दिलेला काटा निवडावा. मोटारीला जोडलेली कॅराव्हॅन नुसती चाके काट्यावर घेऊन मोजली, तर हिचवरचा भार त्यात येत नाही आणि वजन पन्नास-साठ किलोंनी कमी दिसते. पूर्ण वजनासाठी गाडी सोडवून, पुढच्या आधारचाकासह काट्यावर उभी करावी लागते. आणखी एक मर्यादा म्हणजे ट्रकच्या काट्याची नोंद पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्याने होते. तेव्हा वर काढलेले सात किलो ही शिल्लक मानताच येत नाही. काठावरची गाडी भरलेलीच समजावी.

जादा वजनाची किंमत पहिल्यांदा घाटात कळते. ओढगाडीचा ब्रेक सहसा मोटार मंदावल्यावर मागून येणाऱ्या रेट्यानेच लागतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना तो पुन्हा पुन्हा लागतो, तापतो आणि ढिला पडत जातो. वजन वाढले की हे लवकर होते. कायद्याच्या बाजूने पाहिले तर नोंदणी प्रमाणपत्रातल्या एकूण वजनापेक्षा जड वाहन चालवण्यास कलम 113 ची मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनामागे आणखी 2,000 रुपये दंड आहे.

संचालनालयाकडे नोंदणीसाठी येणारी प्रत्येक कॅराव्हॅन एसी, बॅटरी आणि कापडी छत बसवून, गॅसची टाकी भरलेली आणि पाण्याची टाकी रिकामी ठेवून शिक्क्याच्या काट्यावर मोजली जावी. ती पावती अर्जाला जोडणे बंधनकारक करावे. एकूण अनुज्ञेय वजन, या स्थितीतले वजन आणि दोहोंतला फरक किलोत, असे तीन आकडे मराठीत लिहिलेली पट्टी दाराच्या आतल्या बाजूस लावल्याशिवाय गाडी भाड्याने देऊ नये. दोघांच्या गाडीत हा फरक 90 किलोंपेक्षा कमी निघाला, तर बांधणाऱ्याने साधने कमी करावीत किंवा भक्कम चासीवर गाडी पुन्हा बांधावी. तोवर नोंदणी थांबवावी. पुढच्या पर्यटन हंगामाआधी याचे परिपत्रक निघावे, ही विनंती.