‘अ‍ॅस्डा’चा जुना वैद्य आणि नवे दुखणे

ब्रिटनमधील ‘अ‍ॅस्डा’ या घसरणीला लागलेल्या सुपरमार्केट साखळीची सूत्रे नोव्हेंबर २०२४ मध्ये अ‍ॅलन लेटन यांनी पुन्हा हाती घेतली. पद कार्यकारी अध्यक्षाचे असले तरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची २०२१ पासून रिकामीच असल्याने सारा कारभार त्यांच्याकडेच आला. १९९१ मध्ये हीच साखळी कर्जाने बुडायला आली होती. आर्ची नॉर्मन आणि त्यांच्यामागून लेटन यांनी ती सावरली, इतकी की १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने ६.७ अब्ज पौंड मोजून ती घेतली. सत्तरी ओलांडलेल्या लेटन यांना परत बोलावण्यामागे त्या पराक्रमाची स्मृती आहे.

त्यांनी औषधही जुनेच काढले. जानेवारी २०२५ मध्ये ‘रोलबॅक’ या जुन्या नावाने दरकपातीची मोहीम सुरू झाली. मार्चमध्ये तर त्यांनी यंदा नफा बराच घटेल, असे आधीच जाहीर करून टाकले. त्या दिवशी टेस्को आणि सेन्सबरी यांचे समभाग घसरले आणि पुढच्याच महिन्यात टेस्कोनेही आपल्या नफ्याचा अंदाज खाली आणला. याचा अर्थ प्रतिस्पर्धी घाबरले असा नव्हे. टेस्कोचा बाजारहिस्सा २८ टक्क्यांच्या घरात. दरयुद्ध लांबले तर अधिक काळ तग धरण्याची ताकद तिचीच. शिवाय नव्वदच्या दशकात ‘स्वस्त’ ही ओळख अ‍ॅस्डाला सहज मिळवता आली. आज ती जागा आल्डी आणि लिडल या जर्मन साखळ्यांनी बळकावली आहे आणि टेस्को शेकडो वस्तूंवर आल्डीच्याच दराची हमी देते. अ‍ॅस्डाचा हिस्सा मात्र २०२१ मधील १४ टक्क्यांहून अधिक पातळीवरून १२ टक्क्यांच्या आसपास आला.

खरी मेख दुकानात नसून ताळेबंदात आहे. २०२१ मध्ये मोहसिन आणि झुबेर इसा हे बंधू आणि ‘टीडीआर कॅपिटल’ यांनी ६.८ अब्ज पौंडांना ही साखळी घेतली. त्यात पदरचा पैसा एक अब्जाहूनही कमी. गुजरातमधून ब्रिटनला गेलेल्या कुटुंबातील हे बंधू पेट्रोल पंपांच्या धंद्यात मोठे झालेले. पुढे त्यांच्याच ‘ईजी ग्रुप’चे ब्रिटनमधील पंप दोन अब्ज पौंडांहून अधिक किमतीला अ‍ॅस्डाच्या गळ्यात पडले. पैसा उभारण्यासाठी गोदामे विकून तीच भाड्याने घेतली गेली. कर्ज काढले तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ टक्का होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर पोहोचला. १९९१ मध्ये निदान भागधारकांकडून नवे भांडवल उभारून बोजा हलका करता आला होता. आज बहुसंख्य मालकी टीडीआरकडे आहे, आणि अशी संस्था गुंतवणूक करते ती काही वर्षांनी नफ्यासह बाहेर पडण्यासाठी. लेटन तर सुधारणेला तीन ते पाच वर्षे मागतात.

त्यात वॉलमार्टच्या संगणकप्रणालीपासून वेगळे होण्याचा सुमारे एक अब्ज पौंडांचा खटाटोप. २०२५ च्या उत्तरार्धात या स्थलांतरात माल दुकानांत वेळेवर पोहोचेना आणि तिमाही विक्री पुन्हा घसरली. दर कमी करून बोलावलेल्या गिऱ्हाइकाला रॅक रिकामा दिसावा, यासारखे नुकसान दुसरे नाही.

रॅक भरणाऱ्या हातांचाही हिशेब थकलेला आहे. गोदामांतील, बहुतांशी पुरुष, कामगारांइतकेच वेतन मिळावे म्हणून ६० हजारांहून अधिक दुकान-कर्मचारी, मुख्यतः स्त्रिया, वर्षानुवर्षे लढत आहेत. २०२५ च्या आरंभी न्यायाधिकरणाने त्यांच्यापैकी बहुतेक कामे समान मूल्याची ठरवली. वेतनातील फरकाला लिंगभेदाखेरीज दुसरे कारण होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता कंपनीवर आहे. तो निकाल विरोधात गेला तर द्यावी लागणारी रक्कम दरकपातीसाठी राखलेल्या पैशातूनच काढावी लागेल.