पुनवेच्या गाड्या अडवू नका

६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर सीमावादातून महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, तेव्हा मार्गशीर्ष पौर्णिमा तोंडावर होती. कोल्हापूरचे भाविक सौंदत्तीच्या यल्लम्माला गेलेले. एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या आणि डोंगरावरच्या लेकीसुनांच्या काळजीने इकडे घरोघरी फोन सुरू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसवाहकाला मारहाण झाली, तेव्हाही दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न खरा आहे. १९५६ पासूनची ती जखम आहे, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो नेटाने लढवलाच पाहिजे. पण त्या लढ्याशी यात्रेकरूंचा काय संबंध? जोगणभावीत आंघोळ करून, परडी घेऊन डोंगर चढणारी बाई ‘उदं गं आई उदं’ म्हणते, तेव्हा शेजारची कन्नड बाई तिला हात देते. माघ पौर्णिमेला चिंचलीच्या मायाक्काला सांगली-कोल्हापूरकडच्या बैलगाड्या येतात, त्या कर्नाटकातल्या रायबाग तालुक्यातल्या गावांतून. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक ऐकायला ढोल-कैताळ घेऊन दोन्हीकडचे धनगर जमतात. निपाणीचा दस्तगीर साहेबांचा उरूस तर संत बाबा महाराज चव्हाणांनी सुरू केलेला. तो हिंदू-मुसलमान मिळून करतात. ही माणसे राज्य पुनर्रचनेच्या कितीतरी आधीपासून एकमेकांच्या देवाला जात आली आहेत.

राजस्थानात जैसलमेरचा मरू महोत्सव याच माघी पुनवेला धरून भरतो. पर्यटकांसाठी तिथले सरकार स्वतः पुढे होऊन सगळी व्यवस्था लावते. आमच्या यात्रांना कुणी पर्यटक आणून द्यायला नको, माणसे आपली आपण येतात. त्यांना रस्ता मोकळा आणि गाडी सुरक्षित मिळावी, एवढेच हवे.

ते अवघड नाही. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आधी कोल्हापूर व बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, पोलीसप्रमुखांनी एकत्र बसावे. तणाव कितीही वाढो, यात्रेच्या गाड्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवायच्या नाहीत, त्यांना येता-जाता दोन्ही बाजूंनी पोलीस सोबत द्यायची, असे लेखी ठरवावे. ते पत्र आगारात आणि नाक्यावर लावावे. म्हणजे ऐन वेळी कंडक्टरला मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या हुकमाची वाट पाहावी लागणार नाही.